पिठाची गोळी

सिकलसेल झालेल्या माणसाकडे पाहून काही कळत नाही, हा त्या आजाराचा सगळ्यात मोठा दुष्टपणा. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकून बसतात आणि हाडाच्या आतून कळ उठते. पाहणाऱ्याला मात्र हातपाय शाबूत असलेली एक तरुण बाई दिसते, नेमकी भाताच्या रोवणीच्या दिवसांत खाटेवर पडलेली.

ती आमच्या संशोधन केंद्रात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या सासूने डॉक्टरांना हेच सांगितलं होतं.

"काम दिसलं का इचे पाय दुखतेत. जेवताना नाई दुखत."

असं म्हणून सासू हसली. सोबत आलेला नवराही हसला. ती बाकावर ओणवी होऊन बसली होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. रक्ताची तपासणी झाली, आजार पक्का निघाला, तेव्हाही सासूचा चेहरा फारसा बदलला नाही. रक्तात काय दिसतं ते डॉक्टरांना माहीत. तिला घरात काय दिसतं ते माहीत होतं.

मी त्या केंद्रात आकडेमोडीला होते. चंद्रपूरच्या परकोटाच्या आतल्या जुन्या वस्तीत माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान. मी नागपूरला संख्याशास्त्र शिकले आणि ही नोकरी लागली म्हणून आलापल्लीच्या बाजूला येऊन राहिले. एक जुनी, स्वस्त गोळी सिकलसेलच्या दुखण्याचे झटके कमी करते का, हे आम्हाला पाहायचं होतं. अर्ध्या रोग्यांना खरी गोळी, अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती हे रोग्याला ठाऊक नाही, देणाऱ्या नर्सला नाही, डॉक्टरांनाही नाही. ते संगणक ठरवतो आणि कुलूप लावून ठेवतो. झटका आला तर नेहमीचं दुखणं थांबवायचं औषध सगळ्यांनाच मिळणार होतं.

हे सगळं मीच तिला समजावून सांगितलं होतं, कारण नर्स त्या दिवशी रजेवर होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मले पिठाची बी भेटू शकते?"

"हो."

"आन मले नाई सांगणार?"

"आम्हालाच माहीत नसतं."

 ती म्हणाली, "द्या. घरी पडून शिव्या खाण्यापेक्षा बरं."

त्यांचं घर तलावाच्या काठाला होतं. मासे धरायचे, सिंगाडे काढायचे, थोडी धानाची बांधी म्हणजे शेताचा तुकडा, आणि बाकीचे दिवस मजुरी. अशा घरात न चालणारे पाय म्हणजे गुन्हाच. पण गोळ्यांचं पाकीट घरात आलं आणि हळूहळू काहीतरी बदललं. पाकिटावर शिक्का होता, आत चांदीसारखी पट्टी होती. दर महिन्याला केंद्राची गाडी गावात यायची आणि तिचं नाव पुकारायची. शेजारच्या बाया विचारायला लागल्या. सासूने कोणाला तरी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं, "आमच्या सुनेले खरीखुरी बिमारी हाय. सायबलोक येतेत तिच्यासाठी."

आणि ती सुधारली. महिन्याच्या भेटीत नर्स विचारायची तेव्हा ती झटके मोजून सांगायची, आणि ते कमी होत गेले. पावसाळ्यानंतर एकदा मी गाडीबरोबर गेले तर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं झटकत होती. मला पाहून तिने काठावर एक मासळी फेकली. "घेऊन जा मॅडम. आता मी काम करून राह्यलो, फुकटची नाई खात." तिला एवढं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला बरं वाटलं, पण मी त्यातून काही अर्थ काढला नाही. तेच माझं काम होतं. सिकलसेलचं दुखणं लाटांसारखं येतं आणि ओसरतं. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं सगळ्यात वर असताना. मग काहीही दिलं, काहीच नाही दिलं, तरी काही काळाने ते खाली येतं. त्यात कोणीतरी दर महिन्याला नाव घेऊन विचारपूस करतं, पाणी पी, थंडीत जाऊ नको म्हणून सांगतं. त्यानेही फरक पडतो. म्हणूनच तर एका माणसाकडे पाहून औषधाची परीक्षा करता येत नाही. दोन गट लागतात, आणि माणसंही पुरेशी लागतात.

तीच आम्ही पुरेशी घेतली नाहीत. सुरुवातीला मी मोठ्या डॉक्टरांना हिशेब करून दाखवला होता की इतक्या कमी रोग्यांत खरा फरक असला तरी तो हाती लागणार नाही. मोठे डॉक्टर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. हुशार, कडक, बोलण्यात समोरच्याला सोलून काढणारे. "जंगलातून रोगी मी आणायचे की तुमचा संगणक आणणार?" एवढंच ते म्हणाले आणि नवीन रोगी घेणं थांबवलं.

वर्षभराने कुलूप उघडलं. खोलीत ते होते, दोन तरुण डॉक्टर होते, आणि पडद्यासमोर मी.

अशा चाचणीत आपण आधी धरून चालतो की गोळीत काहीच गुण नाही. मग विचारतो, तसं असेल तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती? ती फारच थोडी असेल तर धरलेलं सोडून द्यायचं. आमच्यात फरक गोळीच्या बाजूने होता, पण योगायोगानेही येऊ शकेल इतपतच. दुसरी गोष्ट कॉन्फिडन्स इंटरव्हलची: खरा परिणाम कुठपासून कुठपर्यंत असू शकतो, आपली माहिती कशाकशाशी जुळते, त्याचा पट्टा. आमचा पट्टा प्रचंड रुंद होता. पट्ट्यात शून्य आलं, म्हणजे परिणाम काहीच नसणंही शक्य ठरतं.

"शून्य आत आहे की बाहेर?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"आत आहे सर. पण..."

"मग संपलं. गोळी चालत नाही."

"सर, तसं म्हणता येणार नाही. पट्टा बघा ना. एका टोकाला थोडं नुकसान, दुसऱ्या टोकाला भरपूर फायदा. गोळी चालत नाही असं आपल्याला सापडलेलं नाही. चालते की नाही हेच कळलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुमचे वडील शिंपी ना? कापड कमी पडलं की ओढून ताणून बसवत असतील. इथे ते चालत नाही."

तरुण डॉक्टर हसले. त्यातला एक माझ्या घरी ईदला जेवून गेलेला होता.

"कापड कमी आपणच घेतलं, सर," मी म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

हसणं थांबलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "निष्कर्ष मी लिहीन. तुम्ही फक्त आकडे द्या. आणि त्या लेखावर तुमचं नाव असेल की नाही तेही मीच ठरवीन."

रोग्यांना निकाल सांगणं भाग होतं; तसं लेखी दिलेलं होतं. केंद्राच्या आवारात मांडव घातला, सतरंज्या टाकल्या. गावोगावचे रोगी आणि घरचे लोक आले. नागपूरहून पाहुणे आले होते म्हणून पुढे खुर्च्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं. गोळीचा काही उपयोग नाही असं शास्त्राने सिद्ध झालं आहे, ती आजपासून बंद, सर्वांचे आभार. मी लॅपटॉप घेऊन मागे उभी होते. 'सिद्ध' काहीच झालं नव्हतं.

भाषण संपलं. चहा येणार होता. तेवढ्यात ती उठून उभी राहिली. लाल लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. शेजारी सासू बसलेली.

"डाक्टरसाहेब, बंद काऊन करता? मले तं गुण आला. पहिले मी उठून पाणी नाई घेऊ शकत होतो. आता तलावात उतरून राह्यलो. इचारा माह्या सासूले."

सासूने मान हलवली. मागून कोणीतरी म्हणालं, "खरं हाय, हे तं मरायले टेकली होती." पाहुण्यांपैकी एकाने मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि किंचित हसला. बस, तेवढंच झालं. पाहुण्याचं ते हसू त्यांना सहन झालं नाही.

"मॅडम," त्यांनी माइकमधूनच मला हाक मारली, "हिचा गट बघा."

मी पुढे गेले. "सर, तो सगळ्यांसमोर सांगायचा नसतो. नंतर एकटीला सांगू या, नीट समजावून."

"बघा म्हणतो ना."

"नाही सर."

त्यांनी माझ्या हातातला लॅपटॉप ओढून घेतला, स्वतः शोधलं आणि हसले. खोटं नाही, खरंच मनापासून हसले; एखादा हिशेब अचानक जुळल्यावर माणूस हसतो तसे.

"बाई, तुले गोळी नव्हतीच. पीठ होतं. वर्षभर पीठ खाऊन तू तलावात उतरली." आणि पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "यालाच म्हणतात प्लासिबो इफेक्ट. यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही."

खुर्च्यांवरचे लोक हसले. ते हसले म्हणून सतरंजीवरचेही हसले. ती उभीच होती. तिला आधी कळलंच नाही; ती लोकांकडे पाहून स्वतःही थोडी हसली. मग तिची नजर सासूकडे गेली. सासू हसत नव्हती. सासू तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होती.

"पीठ?" सासू म्हणाली.

चहा न घेताच त्या दोघी निघून गेल्या. सासू पुढे, ती मागे.

मी दोन दिवसांनी गावात गेले. सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सासू सिंगाडे सोलत होती. सून आत कुठे होती ते दिसलं नाही. मी खाली बसले आणि माझ्या परीने सांगायला लागले. पीठ घेणाऱ्या बाकीच्या रोग्यांचंही दुखणं कमी झालं. हा आजारच तसा वरखाली होतो. ती खोटं बोलत नव्हती, तिचं रक्त आम्ही तपासलंय, आजार खरा आहे. पीठ घेऊन बरं वाटलं म्हणजे दुखणं नव्हतंच असं होत नाही.

सासूने शांतपणे ऐकून घेतलं. सिंगाड्याची काळी साल तिच्या नखांत भरली होती.

"बाई, मी शिकलेली नाई. मले एक सांगा. पिठानं बरी झाली नं ते?"

"पिठाने नाही, म्हणजे..."

"तुमीच पीठ देल्लं. तुमीच म्हणलं बरी झाली. मंग काय रायलं? तांदळाचं पीठ माह्या घरी हाय. आता मी देतो गोळी."

ती विनोद करत नव्हती. आमच्याच मांडवात, आमच्याच माइकवरून ऐकलेली गोष्ट तिने घरी नेऊन वापरायला काढली होती. मी आणखी बराच वेळ बोलले. सासूने मला चहा दिला, सिंगाडे बांधून दिले आणि दारापर्यंत सोडायला आली. तिच्या वागण्यात कुठेही उणं नव्हतं.

केंद्रात परत आल्यावर मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या घरी कोणीतरी जाऊन बोललं पाहिजे, तुम्ही स्वतः गेलात तर ऐकतील. ते कागद चाळत होते.

"एका केसवरून निष्कर्ष काढता? तुम्ही संख्याशास्त्र शिकलात ना?"

थंडी पडली. थंड पाणी म्हणजे सिकलसेलच्या रोग्याचा वैरी. आमच्या नर्सने ते वर्षभर घोकून घेतलं होतं. आता नर्स नव्हती, गाडी नव्हती, शिक्क्याचं पाकीट नव्हतं. सकाळच्या धुक्यात सासू तिला तलावात उतरवायची. वर्षभर पिठावर उतरलीस तर आता का नाही? पाय धरले, ती ओरडली, की सासू आतून वाटी आणायची. तांदळाच्या पिठाचे पाण्यात वळलेले गोळे. "घे. तुह्या डाक्टरची गोळी." गावातल्या पोरांना ते पाठ झालं होतं. ती रस्त्याने चालली की पोरं मागून ओरडायची, "पिठाची गोळी, पिठाची गोळी."

हे मला गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईने सांगितलं, पण फार उशिरा. तिने फोन केला तेव्हा झटका येऊन बरेच दिवस झाले होते. मी केंद्राची गाडी मागितली, मिळाली नाही. भाड्याची जीप करून आशाताईला सोबत घेऊन गेले.

सून मागच्या खोलीत होती. पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड. अंगावरचं पांघरूण ओलं. खाटेच्या पायाशी वाटी होती, तिच्यात पिठाचे गोळे वाळून तडकले होते. नवरा बाहेर मोबाईल पाहत बसला होता.

"किती दिवस झाले?" मी त्याला विचारलं.

"ते तशीच करते," तो म्हणाला. डोळे मोबाईलवरच.

सासू म्हणाली, "नेता तं न्या. पण मांडवात उभी करून हसू नका आता. आमाले गावात राहा लागते."

जीपमध्ये तिने एकदाच डोळे उघडले. मला ओळखलं. मग तोंड फिरवलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला रक्त चढवलं. दुखणं उतरायला वेळ लागला. मग तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा सपाट झाला होता. रक्त पोचत नव्हतं म्हणून हाड आतून मेलं होतं. हे एका झटक्यात होत नाही, ते म्हणाले, आधीपासून चालू असणार, पण या थंडीने उरलंसुरलं संपवलं. आता लंगडूनच चालावं लागेल, पुढे शस्त्रक्रिया होते का पाहू.

"आधीपासून म्हणजे?" मी विचारलं. "ती वर्षभर तर बरी होती."

"झटके कमी झाले म्हणून हाड वाचतंच असं नाही," ते म्हणाले. "खरं औषध मिळालं असतं तरी काय झालं असतं, कोण सांगणार?"

खरंच कोणी सांगू शकत नव्हतं. आम्ही तेच शोधायला बसलो होतो आणि अर्ध्यावर उठलो होतो.

काही महिन्यांनी लेख छापून आला. निष्कर्षाच्या ओळीत लिहिलं होतं की गोळीचा उपयोग होत नाही. पट्टा होता, पण एका तक्त्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. माझं नाव नव्हतं. ईदला जेवून गेलेल्या डॉक्टरचं होतं. त्याने मला पेढे पाठवले. मी ते परत पाठवले आणि त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मोठ्या डॉक्टरांनी निरोपाला बोलावलं नाही, मीही गेले नाही. आता मी चंद्रपूरला नर्सिंगच्या मुलींना संख्याशास्त्र शिकवते. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' यांत काय अंतर आहे, हा धडा आला की मुली कंटाळतात. परीक्षेत त्यावर एक प्रश्न असतो, त्या पाठ करून लिहितात.

तिला सासरच्यांनी दवाखान्यातूनच माहेरी पोचतं केलं. माहेर सिरोंच्याच्या बाजूला. नवऱ्याने दुसरी केली, ती कामाला चांगली आहे असं आशाताई म्हणाली. सासूचं कोणाशी भांडण नाही, तलावाच्या मासेमारी सोसायटीत तिला मान आहे.

ती मला गेल्या हिवाळ्यात पुन्हा दिसली. मुलींना घेऊन गडचिरोलीला दवाखाना दाखवायला गेले होते. औषधाच्या खिडकीपाशी रांग होती आणि रांगेत ती, काखेत काठी. बारीक झाली होती. सिकलसेलची सरकारी औषधं तिला आता सुरू झाली होती. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती आणि ती आणखी काहीतरी घ्यायला थांबली होती.

मी जवळ गेले. विचारलं, "गोळ्या घेता ना रोज?"

 तिने पट्टीतून एक गोळी काढली, दातांनी तिचा तुकडा पाडला आणि जिभेवर धरून ठेवला. डोळे मिटून. मागे उभी असलेली म्हातारी मला म्हणाली, "ते असंच करते बाई. दर वेळी चाखून पाह्यते."

तिचं तोंड कडवटलं. तिने तो तुकडा बिनपाण्याने गिळला, उरलेली गोळीही गिळली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कडू हाय," ती म्हणाली. "आता सरका बाजूले. माहा नंबर जाईन."

मी सरकले. तिने काठी पुढे टाकली आणि खिडकीपाशी गेली.